वरचे फेरे

लोणी, ता. आंबेगाव
९ नोव्हेंबर २००२

प्रिय ऋषी,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने विचारलं, "अमेरिकेत कोण असतं, काकू?" भाऊ असतो म्हटल्यावर त्याला नवल वाटलं. दर नव्या वर्षाला तुझं एक कार्ड तोच आणून देतो, पण त्यावर पत्ता टाईप केलेला असतो आणि आत फक्त तुझी सही. त्यावरून त्याला काय कळणार! हाताने लिहिलेलं पत्र मीसुद्धा फार वर्षांनी पाहिलं. तुझं अक्षर अजून उजवीकडे झुकतं.

तर इंग्लंडमधली कुणी कंपनी आपली रेकॉर्ड पुन्हा काढते आहे. मूळची आठ गाणी आणि त्यांना जोडून तेव्हा न निघालेली गाणी. हिंदुस्थानातल्या सुरुवातीच्या कंट्री रॉकची रेकॉर्ड म्हणून लोक तिची जुनी प्रत शोधत फिरतात, असं तू लिहितोस. त्र्याहत्तर साली कुणी फिरलं नव्हतं रे. पुण्याच्या दुकानदाराने अख्खा गठ्ठा परत दिला होता. अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी, ती पुण्याच्या पोरांनी विजेच्या गिटारवर इंग्रजीत म्हटलेली, कोण घेणार? त्यातली एक रेकॉर्ड सासूबाईंनी माठावर झाकण म्हणून ठेवली होती, ते तुला आठवत असेल. तू चिडलास तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आरं, मग भोक कशाला पाडलंस मधी? पानी पडतं त्यातून."

मला आठवतं ते नाव ठेवलंस तो दिवस. तू सुट्टीत इथे आला होतास. नदीचं नाव काय विचारलंस, हे म्हणाले, घोड. तू बांधावर बसून हसत सुटलास. काऊबॉयच्या बँडला आणखी काय हवं! तिथेच ठरलं, ‘घोड रिव्हर बँड’. जुन्नरचा दस्तगीर त्याची हवाईयन गिटार मांडीवर घेऊन वाजवायचा, लग्नाच्या वरातीत वाजवायचा तीच. आणि तीन गाण्यांत दुसरा आवाज माझा. शाळेत सिस्टर बर्नाडेट मला नेहमी दुसरा आवाजच द्यायच्या. म्हणायच्या, तो कपाखालच्या बशीसारखा असतो, कुणाचं लक्ष जात नाही, पण उचलून घेतली तर कळतं. मला तो मान वाटायचा. अजून वाटतो.

तू जानेवारी चौऱ्याहत्तरचा रीळ मागितला आहेस. आपल्या ओसरीवर दस्तगीरच्या मशीनवर घेतलेलं नदीचं गाणं. कंपनीला तेच सगळ्यात जास्त हवं आहे, असं लिहितोस. रीळ माझ्या ट्रंकेत आहे. त्या रिळावर गाण्याशिवाय आणखी काय आहे ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. तू ते लिहिलं नाहीस. मीही आज लिहीत नाही.

ह्यांची तब्येत बरी आहे. शाळू पेरला आहे.

तुझी,
ताई


लोणी
२२ डिसेंबर २००२

प्रिय ऋषी,

उशीर झाला. ट्रंक उघडायला मला महिना लागला.

आता लिहितेच. त्या रिळावर माझ्या तेजूचा आवाज आहे. तिचे दोन फोटो आहेत. एक बारशातला, एक शाळेत नाव घातलं तेव्हाचा. आवाज मात्र एकाच ठिकाणी आहे. दस्तगीर त्याचं मशीन घेऊन गेला आणि रीळ तेवढा राहिला. तो ऐकायला जुन्नरला जाता आलं असतं. एवढ्या वर्षांत मी गेले नाही. एकदा ऐकलं की मग ऐकायचं राहिलेलं काही उरणार नाही, असं वाटायचं. म्हणून दिवाळीच्या साड्यांखाली रिळाचा डबा ठेवला. साड्या बदलल्या, डबा तसाच होता.

रीळ आहे. पण त्याचं टोक कापलेलं आहे. दस्तगीरने लावलेली चिकटपट्टी नाही, टोक तिरकं विळ्याने कापलेलं, वर काळ्या दोऱ्याची गाठ. ती गाठ मी ओळखते. ह्यांनी बांधलेल्या प्रत्येक पोत्याला तीच असते.

विचारलं तर म्हणाले, "उंदरानं खाल्ली आसंल."

"उंदीर दोऱ्याची गाठ मारतो का?"

जेवताना, ताटावरून मान वर न करता म्हणाले, "वावरात हाय."

"कुठल्या?"

"माळ्याच्या."

तुला सांगायला हवं. इथे आता गोफण घेऊन पाखरं राखायला कुणी बसत नाही. जुन्या कॅसेटी फोडून त्यांची फीत शाळवावर ताणून बांधतात. उन्हात चमकते, वाऱ्यात भुंग्यासारखी वाजते, चिमण्या उतरत नाहीत. सगळं गाव बांधतं. सिनेमाची गाणी, भजनं, कुणाच्या लग्नाचं शूटिंग, सगळं कणसांवर. मंचरच्या बाजारात बाद कॅसेटी किलोवर मिळतात. सासूबाई होत्या तोवर त्याच पाखरं राखायला वावरातल्या माळ्यावर, त्या उंच मचाणावर, बसायच्या. बारा वर्षांपूर्वी त्या गेल्या, त्या वर्षापासून आमच्याकडेही फीत आली. मला ते माहीत होतं. आपल्या रिळाची आहे हे माहीत नव्हतं, कारण माळ्याच्या वावरात मी जात नाही. तेव्हापासूनच जात नाही. जेवणाचा डबा घेऊन जाणारे दुसरे असतात.

म्हटलं, "ती फीत काढून आणा."

"शाळू निघू दे."

"आज आणा."

"आत्ता दाणा भरतोय, मॅडम. पाखरं टपलीत." मला ते मॅडम म्हणतात ते चेष्टेत, तुला ठाऊक आहे. ह्या वेळी चेष्टा नव्हती. "काढली तर आठ दिसांत वावर मोकळं करतील. फेब्रुवारीत काढतो. तुझ्या हातात देतो."

मला राग यायला हवा होता. मी त्यांना भाकरी वाढली, दूध वाढलं, मग माझं ताट घेतलं.

किती कापली आहे ते बघून कळत नाही. रीळ बऱ्यापैकी जाड आहे, म्हणजे फार नसावी. कदाचित वरचे फेरे म्हणजे नुसतं दस्तगीरचं सूर लावणं असेल. तो किती वेळ लावायचा! तू वैतागायचास. मी तसंच धरून चालले आहे. फेब्रुवारीपर्यंत धरून चालायला हरकत नाही.

ताई


लोणी
२ मार्च २००३

प्रिय ऋषी,

शाळू निघाला. ह्यांनी फीत आणून दिली, एका काठीला नीट गुंडाळलेली. म्हणाले, "घे." दुसऱ्या दिवशी मी रीळ आणि काठी पिशवीत घालून जुन्नरला गेले. मंचरला बस बदलली, नारायणगावला बदलली. सगळीकडे द्राक्षांच्या पेट्या. पिशवी मांडीवर होती. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय, अंडी का?" मी हो म्हटलं.

दस्तगीरचं दुकान पेठेत तिथेच आहे, आता टीव्ही दुरुस्त करतो. दाढी पांढरी झाली आहे आणि पोट सुटलं आहे. मला पाहून टेबलामागून उठला.

"ताई! या अल्ला, या या. बसा. महेक, पंखा लाव गं, चहा टाक." महेक त्याची सून. "तो ऋषी कसाय? गोरा झाला का तिकडं राहून?"

"त्याचे केस गेले म्हणे."

"बरं झालं. लई भांग पाडायचा." मग त्याची नजर पिशवीवर गेली. तुझं पत्र त्यालाही आलं होतं. "आनलंय का?"

मशीन त्याने दुकानाच्या पोटमाळ्यावरून काढून आधीच पुसून ठेवलं होतं. ते मशीन पाहिल्यावर मला आपली ओसरी दिसली. दुसरं काही झालं नाही.

त्याने रीळ लावला, फीत उलटी गुंडाळून पहिल्यापासून सुरू केली. आधी सूर लावणं. म्हणजे ते सुरुवातीला होतं, शाबूत. मग तू चार आकडे मोजलेस आणि गाणं सुरू झालं. ऋषी, किती कोवळा होता तुझा आवाज. कोरड्या नदीत नाव ओढणाऱ्या माणसाचं गाणं, पाणी वरच्या गावाला अडकलंय म्हणणारं. आणि खाली मी. मला वाटलं होतं मी घाबरत गायले होते. तसं नव्हतं. मी छान गायले होते.

दस्तगीर डोळे मिटून मांडीवर बोटं सरकवत होता. गाणं शेवटच्या ओळीला आलं, तिचा शेवटचा शब्द निम्मा झाला, आणि खट्. रिकामं चाक फिरायला लागलं, फितीचं टोक फटफट आपटत राहिलं.

"एवढंच?" मी विचारलं.

त्याने मशीन बंद केलं. म्हणाला, "त्या दिवशी आपन फीत मागं फिरवलीच नव्हती, ताई. कोन फिरवनार व्हतं? म्हनजे शेवटी भरलेलं सगळ्यात वर ऱ्हातं." आणि काठीकडे पाहिलं.

काठीवरचीही लावली. त्याने गाठी सोडवल्या, तुकडे सांधले, हाताने सरकवून पाहिली. नुसती खरखर. मग एक तुकडा त्याने दिव्यासमोर धरला. फितीचा तपकिरी लेप गेला आहे, उन्हाने आणि वाऱ्याने. आरपार दिव्याची तार दिसत होती. "आवाज त्या लेपात असतो," तो म्हणाला. "बारा वर्सं उन्हात. काय ऱ्हाईल, ताई?"

महेकने चहा आणला. मी तो घेतला. साखर जास्त होती.

आता तिथे काय होतं ते लिहिते, म्हणजे एका कागदावर तरी राहील. गाणं संपता संपता तेजू माळ्यावरून पळत आली. मशीनमध्ये स्वतःचा आवाज ऐकायचा होता तिला, तूच कबूल केलं होतंस. ओसरीच्या पायरीवर उभी राहून ती पाखरं हाकलायची हाळी देऊ लागली. "हाऽऽ हाऽऽ हुर्र." दस्तगीर हसला. आणि तू ओरडलास, "अरे, घालवली ना शेवटची ओळ! हिला आधी बाहेर न्या, माळ्यावर बसवा!" सासूबाईंनी तिला नेलं. मग मशीनचं बटण दाबल्याचा आवाज. एवढंच. साप माळ्याच्या खाली होता. तिला दवाखान्यात नेणारी जीप मंचरला वेळेत पोचली नाही.

नंतर ह्यांनी तुला अंगणात सांगितलं होतं, "झालं ना गानं? जा आता." तू गेलास. मला वाटतं, तेव्हापासून तू ते ओरडणं पुन्हा ऐकावं लागेल म्हणून घाबरत आला आहेस, आणि तरी रीळ मागितलास. मी दोष दिला नाही तुला कधी. पोरांना घरोघर ओरडतात. पण हे मी तुला तेव्हा कळवलं नाही, तू विचारलं नाहीस, आणि वर्षं गेली.

गाणं स्वच्छ आहे, शेवटचा अर्धा शब्द सोडून. दस्तगीर रीळ खोक्यात नीट बांधून कंपनीला पाठवतो आहे. ती फीत काठीला गुंडाळून मी परत घरी आणली.

ताई


लोणी
१५ जून २००३

प्रिय ऋषी,

काल तुझा फोन आला तेव्हा हे समोर बसले होते, म्हणून मी फार बोलले नाही. तू विचारलंस, "ताई, नक्की काही नाही त्यात?" मी नाही म्हटलं. नंतर तू पाऊस झाला का विचारलंस. झाला. बाजरी पेरायची आहे.

फोन ठेवल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हनतोय?"

"विचारत होता, काही उरलंय का."

ते बाहेर जाऊन चूळ भरून आले. मग मीच बोलले. मार्चपासून मी ह्यावर बोलले नव्हते. म्हटलं, "एवढा मोठा रीळ होता. आतली फीत घेतली असतीत तर? पाहिजे तर सगळं गाणं घ्यायचं होतंत. नेमके तेच फेरे का?"

"तेच घ्यायचं व्हतं."

मला आधी समजलं नाही.

"रीळ मीच उतरवला व्हता त्या दिशी मशीनवरनं," ते म्हणाले. "तुला भान नव्हतं. वर काय हाय ते मला ठावं व्हतं. आई गेली, माळ्यावर कुनी न्हाई ऱ्हायलं. पाखरं नुसती बसायची. तवा म्हटलं, तेजूचंच वावर हाय. राखत व्हती, अर्ध्यातनं उठून आली, बस. पेटीत ठिवून कोन ऐकत व्हतं? तू ऐकत व्हतीस का?"

मी ऐकत नव्हते.

"वाऱ्याला लई वाजायची पहिल्या सालाला," ते म्हणाले. "मंचरच्या कॅसेटींपेक्षा लई. मी रोज जायचो."

शेजारच्या पडवीत टीव्हीवर हिंदी मालिका चालू होती, तिथलं कुणीतरी रडत होतं. ह्यांनी विडी शोधली, सापडली नाही, तशीच काडी ओढली आणि विझवली.

माणूस चुकला, असं मला लिहायचं होतं. ट्रंकेतून डबा काढताना त्यांनी मला विचारलं नाही, ते चुकलंच. तिचा आवाज फितीला बांधून वाऱ्यावर वाजवता येत नाही, हेही त्यांना कळत असणार, दोन वर्षं शेती कॉलेजात काढली आहेत त्यांनी. पण त्यांनी रोज जाऊन ऐकलं आणि मी एकोणतीस वर्षं साड्यांच्या घड्या घातल्या. मग कुणी जपलं, हे मला ठरवता येत नाही. तू लहान आहेस, पण सांगता आलं तर सांग.

ताई


लोणी
११ जानेवारी २००४

प्रिय ऋषी,

सीडी आली. दोन आल्या, एक दस्तगीरला पोचवली. तो म्हणाला, "आता वरातीत वाजवतो, नवरदेव पळून जाईल." पण पुस्तिकेतला स्वतःचा फोटो त्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. फोटोत तुझा भांग फारच छान आहे.

पुस्तिकेत माझंही नाव आहे. शेवटच्या पानावर तू तेजूचं नाव घातलंस, जानेवारी चौऱ्याहत्तर लिहून, बाकी काही नाही. बरं केलंस. इंग्लंडमध्ये कुणी वाचेल आणि बँडमधलीच कुणी असेल असं समजेल.

सावळेरामच्या नातवाने त्याचं सीडीचं यंत्र आणून दिलं. शेजारचाच आहे सावळेराम. काल दुपारी लावलं. हे आत आले नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. जुनी आठ गाणी झाली. नंतर जोडलेली दोन झाली. मग नदीचं. त्या लोकांनी फार कसोशीने साफ केलं आहे. ओसरीवरची कोंबडीसुद्धा काढून टाकली आहे. शेवटचा अर्धा शब्द त्यांनी हळूहळू विरवत नेला, जणू तू मुद्दामच तसा सोडला होतास.

हे म्हणाले, "लई स्वच्छ झालंय."

"हो."

"पोरगी न्हाई त्यात."

"नाही."

"बरं." एवढं बोलून कोनाड्यातली काठी घेतली आणि निघाले. ह्या वर्षी शाळू उशिरा भरतो आहे, फीत बांधायची राहिली होती. दस्तगीरने सांधलेल्या त्या तुकड्यांना आता काही चमक नाही, नुसती पारदर्शक पट्टी. चिमणी घाबरेल असं वाटत नाही. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "घाबरू नको म्हनावं. वाजल्याशी मतलब."

मी चपला घातल्या. का, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि ते जरा हळू चालू लागले. ओढा ओलांडला, विहिरीवरून गेलो. तीस वर्षांत विहिरीला नवा कठडा झाला आहे, मला माहीतच नव्हतं. माळा आता नाही. त्याचे दोन खांब उभे आहेत, एकावर कसलासा रानवेल चढला आहे. कणसं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. मला वाटलं होतं काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. ऊन होतं, आणि शाळवाचा तो कोवळा वास.

एका खांबाला त्यांनी टोक बांधलं, काळ्या दोऱ्याने. बाकीची काठी फिरवत सोडत दुसऱ्या बांधाकडे गेले. मधेच फीत कणसांत अडकली. एरवी एकटे कसं करत असतील कोण जाणे, दोन हातांचं काम नाही ते. तिकडून ओरडले, "धर जरा, मॅडम! वर धर!"

मी धरली. दोन्ही हातांनी, कणसांच्या वर. त्यांनी तिकडून ताण दिला. वारा थोडाच होता. फीत माझ्या बोटांत आधी थरथरली, मग वाजू लागली. तिचा आवाज नव्हता तो. कुणाचाच नव्हता. पण मी हात खाली घेतले नाहीत, आणि ते गाठ मारायची सोडून तिकडे तसेच उभे राहिले.

मग पाखरांचा एक थवा वळून आमच्या बाजूला आला, आणि मी तोंडाने हाळी दिली. मोठ्याने. मला येते ती, मीच तिला शिकवली होती.

पुढच्या जानेवारीत ये. ह्यांना विचारलं आहे. म्हणाले, "येऊ दे की. फीत धरायला मानूस लागतंच."

तुझी,
ताई